बिल्ल्याच्या बदल्यात

"आमच्या लहानपणी काही नव्हतं, पण आम्ही किती सुखी होतो!" असं कुणी म्हणायला लागलं की माझं डोकं फिरतं. मोबाइलवर रोज सकाळी असा एक तरी मेसेज येतो, खाली कंदिलाचं चित्र. अरे, कंदील कुणाच्या घरी होता? आमच्या मिलच्या लायनीत, म्हणजे कामगारांच्या चाळीत, वीज होती, पंखा होता, समोरच्यांकडे टीव्हीसुद्धा होता आणि तो बघायला आम्ही त्यांच्या उंबऱ्यावर बसायचो. म्हणे काही नको असायचं! मला तर सगळंच हवं असायचं. मागायची सोय नव्हती, एवढंच.

आणि सगळ्यात जास्त राग माझा मलाच येतो. कारण हे खोटं मी तीस वर्षं मान खाली घालून ऐकून घेतलंय.

मागच्या महिन्याची गोष्ट. विजय नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये रविवारचं जेवण चाललं होतं. माझी मुलगी आठवीत आहे. तिला ते कानात घालायचे बिनवायरचे इयरफोन हवेत. "मम्मी, प्लीज ना यार, सगळ्यांकडे आहेत" ही टेप सकाळपासून चालू होती. मी काही बोलायच्या आत बाबांनी वरणभाताचा घास खाली ठेवला. बाबा म्हणजे माझे वडील, आता ऐंशीला टेकलेत, आमच्याकडेच असतात.

"तुझ्या आईनं कधी काही मागितलं नाही हं बेटा," ते नातीला म्हणाले. "मिल बंद पडली त्या वर्षी दिवाळीला फ्रॉकसुद्धा मागितला नाही. इतकी समाधानी पोर! हाव होती ती तुझ्या आजीला. माझी नोकरी पितळवाल्याला दिली न् बटणांची डबी घेतली तिनं."

मुलगी हसली. तिला हा किस्सा पाठ आहे. आमच्या सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. लग्नात, बारशाला, कुणाच्या तेराव्यालासुद्धा बाबा तो सांगतात आणि लोक हसतात. आई असायची तेव्हा तीही हसायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या माघारी हा किस्सा मी पहिल्यांदाच समोर बसून ऐकत होते, आणि माझ्या हातातला डाव वरणाच्या पातेल्यात पडला.

कारण पितळवाल्याला बिल्ला मी दिला होता.

तेव्हा मी दहा वर्षांची होते. मिल बंद होऊन दीडेक वर्ष झालं असेल. बाबा विणाई खात्यात होते, आजोबाही तिथलेच. मिलचा भोंगा वाजला की आमच्याकडे कुकर चढायचा, भोंगा वाजला की शाळेची तयारी, भोंगा वाजला की झोप. तो थांबला तेव्हा पहिले काही दिवस आई वेळेचा अंदाजच चुकायची, कधी चहा लवकर तर कधी भात उशिरा. मग तिनं काज-बटणाचं काम धरलं. रेडिमेडवाल्यांकडून शर्टांचे गठ्ठे यायचे, ती त्यांना काजं करायची, बटणं लावायची. बाबा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बंद मिलच्या गेटवर जाऊन उभे राहायचे आणि दुपारी परत यायचे. तिथं काय करायचे ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

दाराच्या मागे एक खिळा होता, त्यावर बाबांचा बिल्ला. गोल, पितळेचा, त्याच्यावर त्यांचा नंबर कोरलेला आणि वर दोरीसाठी भोक. मिलमध्ये आत जाताना हा दाखवायचा. बंद झाल्यापासून तो नुसता लटकलेला होता. एकदा आईनं तो चिंचेनं घासून चकचकीत केला तर बाबा उखडले. "आता याचं काय लोणचं घालायचंय? भंगारात दे एकदाचा!"

मी तिथंच बसून पाढे लिहीत होते. मोठी माणसं रागात काय वाट्टेल ते बोलतात, हे दहाव्या वर्षी कुणाला कळतं? मी ते अक्षरशः ऐकलं आणि ध्यानात ठेवलं.

त्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीकडे चुंबकाची डबी आली. पेन्सिलींची डबी, लाल रंगाची, दोन्ही बाजूंनी उघडणारी. झाकण नुसतं जवळ नेलं की टक्कन बसायचं. एका बाजूला बटण दाबलं की आतून शार्पनर बाहेर यायचा. अग्गं बाई, तो शार्पनर! ती मुलगी मधल्या सुट्टीत दहा-दहा वेळा ती डबी उघडायची-मिटवायची आणि आम्ही सगळ्या तोंड वासून बघत बसायचो. मला ती डबी रात्री स्वप्नात दिसायची, जेवताना दिसायची. माझी डबी म्हणजे बाबांच्या तंबाखूचा पत्र्याचा डबा, उघडला की पेन्सिलींना वास.

मग मागितली का नाही? सांगते. बाबांना एक सवय होती. चार माणसं भेटली की माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "हिला काही नको असतं. जत्रेत न्या, बाजारात न्या, तोंडातून शब्द नाही." मिल होती तेव्हा हे कधीमधी असायचं. मिल गेल्यावर रोजचं झालं. किराणावाल्यासमोर, न्हाव्यासमोर, गेटवर. हे ऐकून मी इतकी फुगायचे की मग "मला डबी हवी" हे वाक्य तोंडातून काढणं म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःच्या थोबाडीत मारणं. कौतुकानं माणूस असा बांधला जातो की दोरी दिसतसुद्धा नाही.

त्याच सुमाराला लायनीत तो पितळवाला यायला लागला. हातगाडीवर रंगीबेरंगी प्लास्टिक लटकवलेलं, बादल्या, साबणदाण्या, कंगवे, खेळणी. "पुराना पीतल-तांबा दो, नया माल लो!" घरोघरची पितळी भांडी त्याच्या पोत्यात जात होती. आईनंही हंडा देऊन स्टीलचं पातेलं घेतलं, मग परात दिली. बाबांना ते खपायचं नाही. "माझ्या आईची परात होती ती," म्हणून दोन दिवस धुसफुसले होते.

दसऱ्याच्या आधीच्या बुधवारी त्या गाडीवर मला ती डबी दिसली. तीच. लाल.

आई गठ्ठा पोचवायला गेली होती, बाबा गेटवर. मी धावत घरात गेले आणि माझी भातुकली काढली. पितळेची, आजीनं दिलेली, इवलाली कढई, इवलासा झारा, चूल, तवा. मी सगळं फ्रॉकच्या ओच्यात भरून आणलं. त्यानं तराजू उचलला, पारडं वरच राहिलं. "इत्ते में तो बिटिया साबुनदानी आएगी," तो म्हणाला. "डब्बे के लिए और लाओ."

मी परत आत गेले. दार लोटलं तर दारामागचा खिळा समोर आला.

भंगारात दे एकदाचा, असं बाबाच म्हणाले होते ना? मी कुणाचं काही चोरत नव्हते, असं मी स्वतःला त्या दोन मिनिटांत पटवलंसुद्धा. पण मग मी बिल्ला मुठीत लपवून का नेला, आणि तो पारड्यात टाकताना गल्लीच्या दोन्ही टोकांना का पाहिलं? मनाला सगळं ठाऊक असतं हो.

पारडं खाली गेलं. डबी माझी झाली.

आणि खरं सांगू? मी सुखी झाले. लोक म्हणतात वस्तूंनी सुख मिळत नाही. मला मिळालं. गुरुवार आणि शुक्रवार, दोन दिवस, शाळेत माझ्याभोवती मुली जमल्या. माझ्या डबीचं झाकण टक्कन वाजलं. घरी ती दप्तरात चिंध्यांखाली असायची आणि पांघरूण घेतल्यावर मी दप्तरात हात घालून तिला नुसती शिवून यायचे. भातुकलीची आठवणसुद्धा झाली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी बाबा धावत घरी आले. बाबांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. गेटवर नोटीस लागली होती. शहरातल्या एका चालू असलेल्या मिलमध्ये काही विणकर घेणार होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, साहेब लोक गेटवर बसणार, यादी करणार. "ज्याच्या हातात बिल्ला त्याचंच नाव," बाबा म्हणाले. "मिलची कार्डं तर पुष्कळांनी खोटी करून ठेवलीत. बिल्ला खोटा होत नाही."

आईनं हातातला शर्ट खाली ठेवला आणि देवाला हात जोडले. बाबा हसत होते. ते मला म्हणाले, "बघ, भोंगा परत वाजणार आपल्यासाठी." मी दाराकडे बघितलं. त्यांनी त्या संध्याकाळी दारामागे पाहिलं नाही, कारण बिल्ला तिथं असणारच होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ज्याच्या हत्यारावर आपण जेवतो त्याची त्या दिवशी पूजा. आमच्याकडे पाटावर आईची कात्री, विळी, बाबांनी मिलमधून आणलेला मागावरचा एक जुना धोटा आणि मधोमध बिल्ला, असं मांडायची पद्धत. बाबा अंघोळ करून, झेंडूची फुलं घेऊन बसले. आईच्या शिवणयंत्राला स्वतः हळदकुंकू लावलं. मग दारामागे हात घातला.

हात तसाच राहिला.

"बिल्ला कुठाय?"

"तिथंच असेल की," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

नव्हता. खाटेखाली, ट्रंकेमागे, देव्हाऱ्यात, तांदळाच्या डब्यात, कुठंच नव्हता. घर केवढंसं, दीड खोली. बाबांचा आवाज चढत गेला. आणि मग ते थांबले, आईकडे वळले आणि अगदी हळू म्हणाले, "तू दिलास."

"मी? नाही हो."

"हंडा दिलास. परात दिलीस. आता हाही दिलास त्या पितळवाल्याला."

"देवाशपथ नाही दिला. मला काय वेड लागलंय?"

मी भिंतीला टेकून उभी होते. सांगायचं होतं. सांगितलं नाही. बाबा पुन्हा खाटेखाली वाकले आणि आई, दिसेल ते उलटंपालटं करत, माझ्या दप्तरापाशी आली.

तिनं चिंध्या काढल्या. डबी काढली.

ती डबीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. आयुष्यात पुष्कळांनी माझ्याकडे रागानं पाहिलंय. ते पाहणं तसलं नव्हतं. ती हिशेब लावत होती, भातुकली कुठं गेली असेल, बिल्ला कुठं. सगळं तिला तिथल्या तिथं कळलं. तिनं झाकण मिटलं, टक्.

बाबांनी मान वर केली. "काय ते?"

"डबी," आई म्हणाली. "बटणं ठेवायला."

"कुठून आली?"

"पितळवाल्याकडून." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मीच दिला हो. चुकले. मला वाटलं तुम्हीच म्हणालात भंगारात दे."

बाबांनी तिला मारलं नाही. ओरडलेही नाहीत. ते उठले, खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि तिच्या शिवणयंत्रावरचं हळदकुंकू पुसून काढलं. नीट, कोपरे पुसत. फूल उचलून पाटावर ठेवलं. मला आजही तो टॉवेल दिसतो.

मग माझ्याकडे वळले. "तू त्या पितळवाल्याला ओळखतेस ना? चल."

मी सायकलच्या दांड्यावर बसले. लायनीतून परदेशीपुऱ्याला, तिथून पाटणीपुऱ्याच्या पलीकडे, विचारत विचारत. बाबांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. ते घाबरले होते, हे मला पाठमोरी असूनही कळत होतं. आणि मी देवाला विनवत होते की तो माणूस सापडू दे आणि सापडू नको दे. सापडला तर बिल्ला मिळेल. सापडला तर तो म्हणेल, अरे, ये तो वही बिटिया!

सापडला. एका गल्लीत हातगाडी उभी करून बिडी ओढत बसला होता. बाबांनी सायकल भिंतीला लावली. "भिया, परवा आमच्या घरवालीनं एक पीतल का बिल्ला दिया था. मिल का. वो वापस चाहिए. जे म्हणशील ते देतो."

पितळवाला आधी बाबांकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागला.

"घरवाली ने?" तो म्हणाला.

बाबांच्या कोपरामागून मी मान हलवली. नाही, नाही, नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पुसायचंही सुचलं नाही.

"ये बिटिया…" तो बोलायला लागला.

"काय? ये क्या?"

त्यानं बिडी विझवली. "कुछ नहीं भिया. बच्ची का मुँह उतर गया है, पानी पिलाओ इसको." त्यानं आतून पाण्याचा गिलास आणून दिला. मग म्हणाला, "माल तो परसों ही भट्टीवाले को दे दिया. अब तक तो गल भी गया होगा."

मी ते पाणी प्यायले. त्या एका दिवसात माझ्यासाठी दोन माणसं खोटं बोलली होती, आणि त्यातल्या एकाचं तर माझं काही नातंही नव्हतं.

सोमवारी बाबा तरीही गेटवर गेले. न खाता. आईनं मला मागोमाग डबा घेऊन पाठवलं, कारण तिच्या हातचं ते घेत नव्हते. दसऱ्याची सुट्टी होती. रांग गेटपासून थेट पानाच्या टपरीपर्यंत गेली होती आणि प्रत्येकाच्या हातात पिवळं काहीतरी चमकत होतं. बाबांच्या हातात नुसतं कार्ड. त्यांच्या खात्यातले एक काका पुढे होते, त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "बेटा, कुल्फी खाणार?"

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तिला काही नको असतं," ते म्हणाले. "माझी पोर कधी काही मागत नाही."

तेव्हा सांगणार होते मी. आईशप्पथ, तेव्हाच सांगणार होते. सगळ्या रांगेसमोर. पण त्यांचा हात डोक्यावर होता, आणि त्या सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा सैल झाला होता. मी म्हटलं, "नको काका."

टेबलाशी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. "बिल्ला?" साहेबांनी वर न बघता विचारलं. "घर में गुम हो गया साब. कार्ड है," बाबा म्हणाले. "कार्ड तो सबके पास है." कुल्फीवाल्या काकांनी साक्ष दिली, अजून दोघांनी दिली, हा खरा विणकर आहे म्हणून. साहेबांनी बाबांचं नाव एका वेगळ्याच कागदावर लिहिलं आणि तो कागद बाजूला सरकवला. त्या कागदाचं पुढं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. बाबांना बोलावणं आलं नाही.

काकांना आलं. दीड-दोन वर्षांत ती दुसरी मिलही बंद पडली आणि काकाही घरी बसले. मतलब, बिल्ला असता तरी फार तर दोन वर्षांचा प्रश्न होता. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलंय! त्यानं काही होत नाही. बाबांना ती दोन वर्षं हवी होती.

त्यानंतर बाबा आईशी बोलायचे थांबले. एका खोलीत, एका छपराखाली. आणि निरोप्या कोण, तर मी. "आईला सांग, चहा ठेव." "आईला सांग, उद्या मी लवकर निघणार." आई चार हातांवर बसलेली असायची, तिला ऐकू गेलेलं असायचं, तरी मी वळून तिला सांगायचे. ती म्हणायची, "बरं म्हणावं." आणि तिच्या मांडीजवळ ती लाल डबी असायची, बटणांनी भरलेली. दिवसभर टक्, टक्. ती डबी परत माझ्या हातात कधीच आली नाही. तिनं दिली नाही आणि मी मागितली नाही. मागायची नाही, हा तर माझा नावलौकिक!

एकदाच मी आईला विचारलं. बाबा बाहेर होते. "तू का सांगितलंस तू दिला म्हणून?"

ती सुईत दोरा ओवत होती. ओवून झाल्यावर म्हणाली, "ते माझ्यावर चिडले तरी घर चालतं. त्यांची मिल गेली. आता माझी पोर कधी काही मागत नाही, एवढं एकच उरलंय त्यांच्याकडे चारचौघांत सांगायला. तेही काढून घेऊ?" मग दात-ओठ खाऊन म्हणाली, "आणि तू जर कधी सांगितलंस ना, तर याद राख."

नऊ महिने हे चाललं. शेवटी बाबांना पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं. पहिल्या दिवशी घरी आले, जेवायला बसले आणि आईकडे बघून म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे." आई उठली, मीठ आणलं. संपला अबोला. पुढे ते तिच्याशी चांगलेच वागले, तिच्या दुखण्यात त्यांनी केलं तेवढं कुणी करणार नाही. फक्त तो किस्सा सांगायचं सोडलं नाही. रागाचा होता तो हळूहळू गमतीचा झाला. आईही हसायची. मी तिच्याकडे बघायचे, ती माझ्याकडे बघायची नाही.

तर मागच्या महिन्यात डाव वरणात पडला, मी तो काढला, धुतला, आणि स्वयंपाकघरात पाच मिनिटं नुसती उभी राहिले. आईनं याद राख म्हटलं होतं. सांगितलं तर त्यांच्याकडचं ते एकच काढून घेतल्यासारखं होणार होतं, तेही ऐंशीव्या वर्षी. आणि नाही सांगितलं तर? तर माझी मुलगी तिच्या लेकरांना सांगणार, तुमच्या पणजीला हाव फार. हे मला सहन होईना. मेलेल्या माणसाला तोंड नसतं हो.

कपाटातून डबी काढली. आईची बटणं अजून तीत आहेत. बाहेर येऊन ती बाबांच्या ताटाशेजारी ठेवली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. भातुकली, तराजू, पितळवाला, सगळं. मध्ये थांबले असते तर परत बोलता आलं नसतं.

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. "मम्मी, तू?"

बाबांनी डबी हातात घेतली, उघडली, मिटली. चुंबक अजून चांगलं आहे. मग हात धुतले, आणि नातीला म्हणाले, "इकडे ये बेटा. काय ते कानातलं हवंय ना तुला? माग. तोंडानं माग. मिळेल न मिळेल, आईशी भांड, माझ्याशी भांड, पण मनात ठेवू नको." ती बिचारी घाबरून म्हणाली, "नको आजोबा, राहू दे." तर एकदम ओरडले, "नको म्हणू नको!"

मग आपल्या खोलीत गेले. मी संध्याकाळी चहा घेऊन गेले तर खिडकीशी बसले होते, डबी मांडीवर. माझ्यावर रागवा, काहीही बोला, असं मी म्हटलं. त्यांना ते ऐकूच गेलं नसावं.

"नऊ महिने गं," ते म्हणाले. "एवढ्या दिवसांत एकदा तरी तिनं मला सांगायचं."

मी चहा टेबलावर ठेवला. त्यांनी डबीवरून अंगठा फिरवला.

"कधी सांगणार म्हणा," ते म्हणाले. "मी बोलतच नव्हतो तिच्याशी."